दादाचा शेवटचा कोयता

परवा नातवाच्या गॅरेजमध्ये कुणीतरी लाल झालेली छिन्नी तेलात बुडवली. तो जळका वास नाकात शिरला आणि सोलापुरातलं आमचं लोहारकीचं दुकान डोळ्यांपुढं आलं.

माळशिरसकडं ऊस नव्यानं वाढत होता, तेव्हाची गोष्ट. माझा थोरला भाऊ, दादा, तापानं गेला. त्याच्या हातचा ऊसतोडीचा एक कोयता तेवढा दुकानात उरला होता. तेरावा झाल्यावर तो न्यायला गिऱ्हाईक आलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोयता पारखायचा बाभळीचा सुका ओंडका पुढं ओढला.

आईनं त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या की. लेकराच्या हातचं हाय."

"न पारखता त्यानं कदी दिला न्हाय," आबा म्हणाले आणि त्यांनी घाव घातला.

पात्याचा टवका उडाला. आबा मोडलेली कड उजेडात धरून बघत राहिले. आत पोलादाचा दाणा मिठासारखा जाड दिसत होता. फाजील तापवलेलं पोलाद असंच ठिसूळ होतं.

"इस्तवाचा रंग कळला न्हाय त्येला," ते म्हणाले. पोलाद किती तापलं ते लोहार त्याच्या लाल रंगावरूनच ओळखतो.

मेल्यावरही दादाची चूक काढतायत, म्हणून मला त्यांचा भयंकर राग आला. पण आबा पुढं हळूच म्हणाले, "तवाच ताप हुता त्येच्या अंगात. डोळं जळत्यात म्हणला. मीच म्हणलं, एवढा एक उरक, मग पड."

त्यांनी गिऱ्हाइकाला हात जोडले आणि भट्टीपाशी जाऊन बसले. निखारे काळे पडेपर्यंत कुणी भाता ओढला नाही.