कार्डावर नसलेली वाक्यं

माझी आत्या कशालाही धीर देते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे कण्हत थांबली की ती बटणाला म्हणते, "चल गं बाई, एवढ्यात दमलीस?" टूथपेस्टची नळी चपटी झाली की, "आहे, आहे, अजून दोन दिवसांचं आहे तुझ्यात." बाबा जिना चढताना धापा टाकायला लागले की वरून ओरडते, "दादा, सहाच पायऱ्या राहिल्या, सोडू नकोस!" बाबा म्हणतात, "मी काय तुझ्या पट्ट्यावर पळतोय का?"

पट्टा म्हणजे ट्रेडमिल. स्टेडियमच्या मागे एक तीन मजली इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावर खेळाडूंवर संशोधन चालतं: किती सराव केला की शरीर सुधारतं, किती केला की बिघडतं, दमलेलं शरीर पुन्हा ताजं कशाने होतं. आत्या तिथे अकरा वर्षांपूर्वी फरशी पुसायला लागली. पुसता पुसता सगळं बघून ठेवलं. आधीचा सहायक सोडून गेला तेव्हा तोंडाला मास्क बांधायचा कसा, छातीला पट्टी लावायची कुठे, हे फक्त तिलाच येत होतं. आता ती कानाच्या पाळीला सुई टोचून रक्ताचा थेंब घेते, आणि पोरं नंतर विचारतात, "टोचली का?" पोरं तिला मावशी म्हणतात. माझी ती आत्या. म्हणजे त्या पोरांशी माझं नातं काय, हे काढायला बसलं की डोकं गरगरतं.

पण तिच्याकडे डिग्री नाही. त्यामुळे दरवर्षी एक पत्र निघतं, त्यावर तिथले मुख्य सर सही करतात, आणि आत्या अजून एक वर्ष तिथली राहते. यंदाचं पत्र तीन आठवडे सरांच्या टेबलावर पडून होतं. सर वाक्य सुरू करतात आणि मधेच सोडून देतात, दार उघडं टाकून निघून गेल्यासारखं. आमच्या घरात बातमी कुणी सांगत नाही, करून दाखवतात. आत्याने चष्मा कपाळावर चढवला, बोटाने भुवई खाजवली आणि सर झाली: "हं... तुमचं ते पत्र... म्हणजे एकदा हा थंड पाण्याचा अहवाल... बघू."

थंड पाण्याचा अहवाल तिथे संशोधन करणाऱ्या मॅडमचा. मॅडम वयाने आत्याच्या निम्म्या, म्हणून त्या आत्याला ताई म्हणतात आणि आत्या त्यांना मॅडम. त्यांचा प्रश्न सोपा होता. सकाळी खूप दमवून घेतल्यावर दहा मिनिटं गार पाण्याच्या टबात बसलं, तर दुपारी माणूस जास्त वेळ पळू शकतो का? अठरा धावपटू घेतले. प्रत्येकाने दोनदा यायचं, मधे दोन आठवडे. एकदा सरावानंतर टबात बसायचं, एकदा नुसतं खुर्चीत पडायचं, आणि दोन्ही वेळा दुपारी पट्ट्यावर पाय चालतील तोवर पळायचं. सगळं तेच, फक्त पाणी वेगळं.

पट्ट्याशेजारी उभं राहून काय बोलायचं, हेही ठरलेलं. मॅडमनी कार्ड छापून आत्याच्या गळ्यात अडकवलं होतं. वाक्यं तीन. "चांगलं चाललंय." "पळत राहा." "जमेल तेवढं." कोणतं कितव्या मिनिटाला, तेही लिहिलेलं. "यापलीकडे एक अक्षर नाही हं, ताई," मॅडम म्हणाल्या होत्या. "तुमचा आवाजसुद्धा औषधच आहे. सगळ्यांना सारखा डोस." हे वाक्य आत्याला इतकं आवडलं की आठवडाभर ती घरात कुणाला काहीही वाढताना तेच म्हणायची.

निकाल झकास आला. पाण्यानंतर पोरं सरासरी एकेचाळीस सेकंद जास्त पळाली होती. या धावपटूंच्या क्लबचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे शिट्टी म्हणतात कारण ती त्यांच्या तोंडातून जेवतानाच काय ती निघते, त्यांनी पुढच्या महिन्यातल्या निवड स्पर्धेसाठी सहा टब मागवायचं ठरवलं. अहवाल शुक्रवारी दुपारी पाठवायचा होता.

बुधवारी मॅडमना एका फॉर्मवर डाग दिसला. काडी नावाच्या पोराचा फॉर्म. खरं नाव वेगळं, पण त्याच्याकडे बघितलं की दुसरं नाव सुचत नाही. त्याच्या घामाचा थेंब नेमका वेळेच्या आकड्यावर पडला होता. "ताई, तेवढं रेकॉर्डिंग बघून आकडा सांगा ना." कुणी पडलंबिडलं तर पुरावा असावा म्हणून तिथे कॅमेरा सतत चालू असतो. ते बघायची वेळ कधी आली नव्हती, कारण कुणी पडलंच नव्हतं. आत्याने हेडफोन लावले.

सुरुवातीला सगळं कार्डाप्रमाणे. मग नवव्या मिनिटाला एक बाई ओरडायला लागली.

"चल राजा! अजून एक मिनिट! एवढं गार पाणी सोसलंस, आणि आता हे काय? मी आहे ना इथे! हां, अस्संऽऽ!" वर टाळ्या.

आत्या आम्हाला सांगताना म्हणाली, "मला आधी वाटलं, आमच्या लॅबमध्ये ही कोण शिरलीय भवानी?"

मग तिने काडीचं दुसरं रेकॉर्डिंग काढलं, खुर्चीवाल्या दिवसाचं. चांगलं चाललंय. पळत राहा. जमेल तेवढं. तिकीटखिडकीतून सुटे नाहीत म्हणणाऱ्या आवाजात. तिने आणखी तिघांची काढली. तिघांचंही तेच. टबातून आलेल्यांना राजा, बाळा, वाघा, आणि खुर्चीतून आलेल्यांना सुटे नाहीत.

कारण तिला लगेच कळलं. टबाशेजारी घड्याळ घेऊन तीच बसायची. दहा मिनिटं समोर एक पोर दात वाजवत, ओठ निळे करून बसलेलं. मग तीच त्याला हात देऊन बाहेर काढायची, टॉवेलात गुंडाळायची, पाठ चोळायची. खुर्चीतली पोरं पलीकडच्या खोलीत, मॅडमच्या नजरेखाली. "एकदा टॉवेल गुंडाळला ना, की ते पोर आपलं होतं गं," ती मला म्हणाली. "आणि मला पत्ताच नाही. गळ्यात कार्ड लटकतंय, मी त्याच्यावरच बोट ठेवून ओरडतेय."

त्या संध्याकाळी लिफ्ट मधे अडकली आणि आत्या एक शब्द बोलली नाही. तेव्हाच मला भीती वाटली.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "अजून कुणी ऐकलंय?"

"मी."

"मग मिटलं."

"मिटलं कसं, दादा?"

"अगं, पळाली तर ती पोरंच ना? पाय त्यांचे. तू काय खांद्यावर घेऊन पळालीस?"

"पण पाण्याने पळाली की माझ्या ओरडण्याने, हेच आता कळत नाही ना! शोधायचं तर तेवढंच होतं."

"आणि पत्र? सही झालेली नाही अजून. बावन्नाव्या वर्षी दुसरीकडे काय सांगशील? अनुभव काय? तर कान टोचते."

आत्या उठून मधल्या खोलीत गेली. ती घाबरली की गळ्याला दोन बोटं लावून नाडी मोजते, कामाची सवय. दाराआडून मला आकडा ऐकू आला. "एकशे चार. बसल्या जागी एकशे चार."

गुरुवारी ती बोलायचं ठरवून गेली आणि न बोलता परत आली. तीनदा मॅडमच्या टेबलापर्यंत गेली होती म्हणे. पहिल्यांदा मॅडम फोनवर होत्या. दुसऱ्यांदा मोकळ्या होत्या, पण आत्याने विचारलं, "मॅडम, कापूस संपलाय का?" कापूस तिच्याच हातात होता. तिसऱ्यांदा मॅडमच म्हणाल्या, "ताई, बरं झालं आलात! आभारांच्या यादीत तुमचं नाव सगळ्यात वर टाकलंय. बघा, बरोबर लिहिलंय ना?" आत्याने बघितलं. अगदी बरोबर लिहिलेलं होतं. त्यानंतर तिने एका पोरीचा कान दोनदा टोचला, आणि पोरगी म्हणाली, "मावशी, आज टोचलं."

मग दुपारभर स्टोअरच्या खोलीत बसून तिने उरलेली सगळी रेकॉर्डिंगं ऐकली. अठराही जणांची, दोन्ही दिवसांची. रात्री जेवली नाही. बाबा म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत फक्त गप्प बसायचंय. गप्प बसायला काय लागतं?"

"तेच तर मला येत नाही, दादा. सगळा घोळ त्यातूनच झालाय."

शुक्रवारी काय झालं ते आत्याने संध्याकाळी करून दाखवलं, पण नेहमीसारखं हात उडवून नाही. खुर्चीत बसून, हळू.

ती आत शिरली आणि बॅगही न ठेवता म्हणाली, "मॅडम, अहवाल पाठवू नका. हे ऐका." मॅडमनी हसत हसत हेडफोन लावले. उभ्यानेच ऐकत होत्या. हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतलं गेलं, मग तोंडावरचं, कुणीतरी एकेक दिवा बंद करत यावं तसं. त्यांनी हेडफोन काढले.

"किती जणांना असं?"

"सतरा."

"आणि अठरावा?"

"तो टबात बसून फोनवर काहीतरी बघत खिदळत होता. मला त्याची दयाच आली नाही. त्याला फक्त कार्ड."

मॅडमनी त्याचा फॉर्म काढला. पाण्यानंतर तो चार सेकंद कमीच पळाला होता. त्या फॉर्म हातात धरून रिकाम्या टबाच्या काठावर बसल्या. दीड वर्षाचं काम होतं ते.

"तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, ताई."

"नाही."

"कुणाला कळलंही नसतं."

"नाही."

"मग?"

"शिट्टी सर सहा टब मागवतायत, मॅडम. पोरं स्पर्धेच्या दिवशी त्यात कुडकुडत बसतील, आणि बाहेर आल्यावर पाय चालले नाहीत तर म्हणतील, आपल्यातच काहीतरी कमी आहे."

मॅडमनी फॉर्म परत गठ्ठ्यात ठेवला. मग म्हणाल्या, "सरांना मी सांगते. तुम्ही नुसत्या बरोबर चला." पण सरांच्या खोलीत गेल्यावर मॅडमना रडू यायला लागलं, त्यामुळे सांगावं लागलं आत्यालाच.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एक वाक्य पूर्ण केलं: "अहवाल आज जाणार नाही." मग टेबलावरचं आत्याचं पत्र उचललं. आत्याला वाटलं, फाडतात की काय. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. "हे आता... सगळं पुन्हा करून झाल्यावर... म्हणजे तुम्ही तोवर या, पण पुढचं..."

"बघू," आत्यानेच म्हटलं.

पुन्हा म्हणजे अगदी पुन्हा. तीच अठरा पोरं, दोनदोनदा. टॉवेल आता मॅडम देणार. कार्डावरची तीन वाक्यं एका स्पीकरमधून येणार, कुणा अनोळखी माणसाच्या आवाजात. आत्याने पट्ट्याच्या मागे उभं राहायचं, तोंड मिटून, पळणाऱ्याला दिसणार नाही असं. आणि सगळं संपेपर्यंत पोरांपैकी कुणालाही सांगायचं नाही की हे का चाललंय. कळलं तर पुन्हा आकडे बिघडायचे. पोरांना एवढंच सांगितलं की यंत्रात दोष निघाला. आत्या म्हणाली, "तसं खोटं नाही ते. यंत्र म्हणजे मी."

काल पहिला नंबर काडीचा होता. आधी टब, दुपारी पट्टा. आत्या मागे दांडा धरून उभी. आठव्या मिनिटापर्यंत ठीक होतं. नवव्याला त्याचे खांदे वर चढले आणि पाय पट्ट्यावर आपटायला लागले. ही खूण तिला पाठ आहे. इथेच ती सुरू व्हायची. स्पीकर म्हणाला, "पळत राहा." काडीने मान वळवली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. आत्याने दात ओठांवर इतके दाबले की आज सकाळीही तिथे खूण होती. "जमेल तेवढं," स्पीकर म्हणाला.

दहा मिनिटं दोन सेकंदांना त्याने हात वर केला. मागच्या वेळी याच पाण्यानंतर तो अकरा मिनिटं सतरा सेकंद पळाला होता.

आत्याने आकडा फॉर्मवर लिहिला. असे अजून पस्तीस यायचेत, आणि तोवर पत्र ड्रॉवरमध्ये. मॅडमनी लांबूनच आकडा वाचला आणि खिडकीकडे तोंड केलं.

काडी मास्क काढून धापा टाकत तिच्यापाशी आला. घामाने निथळत होता, आणि टॉवेल द्यायला तिला परवानगी नव्हती.

"मावशी, आज तू एक शब्द बोलली नाहीस. माझं काही चुकलं का गं?"

त्याची खुर्चीवाली फेरी दोन आठवड्यांनी आहे. ती होईपर्यंत तरी आत्याला उत्तर देता येत नाही. तिने फॉर्म छातीशी धरला, मान नुसती 'नाही' अशी हलवली, आणि तेवढं हलवणंही कार्डाबाहेरचं झालं की काय, हे विचारायला मॅडमकडे गेली.