फेकता येणार नाही असा मिक्सर

हिमायतनगरच्या एका दुकानातला विक्रेता मला वॅट आणि स्पीड समजावून सांगत होता. मी म्हटलं, ते राहू द्या, हा मिक्सर एका हातानं उचलून दाखवा. बिचारा खूश झाला. त्यानं तो लालचुटूक मिक्सर मानेला धरून अल्लद उचलला आणि म्हणाला, "देखो मॅडम, कित्ता हल्का है!"

"हल्का नक्को," मी म्हटलं. "भारी होना. एक आदमी को उठनाच नक्को."

तो माझ्याकडे बघतच राहिला. बाकीच्या बायका रंग बघतात, भांडं किती लिटरचं ते विचारतात. माझं एकच म्हणणं होतं. नवऱ्याला फेकता येणार नाही असा मिक्सर मला हवा होता.

आमच्या घरात वस्तू उडायच्या. लग्नानंतर पहिला उडाला तो पोळपाट. मग मिक्सरचं चटणीचं भांडं उडालं, आणि भिंतीवरच्या फरशीचा टवका अजून तसाच आहे. मीही काही गरीब गाय नव्हे. माझ्या तोंडाला लागणं सोपं नाही, आणि एकदा मळलेल्या कणकेचा गोळा मी त्याच्या छातीवर मारलेला आहे. पण कणकेनं हाड मोडत नाही. त्यानं मारलेला क्रीम फेटायचा हँड मिक्सर माझ्या उजव्या मनगटावर बसला आणि मनगट मोडलं. का मारला? तर ऑफिसातून आल्या आल्या चहा मिळाला नाही. मेल्याला चहा हवा होता!

नारायणगुड्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत मागून सासूबाई म्हणाल्या, "न्हाणीत घसरली हो." इतक्या पटकन म्हणाल्या, जणू वाक्य तयारच होतं. त्या क्षणी मला नवऱ्यापेक्षा त्यांचा जास्त राग आला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बुक्के मुलाचे आणि तोंड दाबणारा हात आईचा.

प्लास्टर निघालं, पण हातानं फेटायचं नाही अशी ताकीद मिळाली. केकच्या ऑर्डरी तर येत होत्या, आणि त्या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. म्हणून आपोआप फेटणारा उभा मिक्सर घ्यायचा ठरवला. हिमायतनगरच्या दुकानातले सगळे हलके निघाले. शेवटी जामबागजवळ एका बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळाला. करड्या रंगाचा, बिडाचा, रेड्यासारखा. दोन माणसांनी धापा टाकत जिना चढवला आणि ओट्यावर ठेवला. नवरा म्हणाला, हा राक्षस कशाला? मी मनगट दाखवलं.

मग एका रविवारी सकाळी त्याचे दोन मित्र जेवायला येणार म्हणून त्यानं ऐनवेळी सांगितलं. माझं क्रीम मिक्सरमध्ये फेटलं जात होतं. दुपारी वाढदिवसाचा केक द्यायचा होता. मी म्हटलं, आज बाहेरून मागवा. त्यानं "बंद कर ते" म्हटलं, मी नाही केलं. तो आला आणि दोन्ही हातांनी मिक्सरला मिठी मारून उचलायला लागला. मानेच्या शिरा टरारल्या, चेहरा लाल झाला, मिक्सर बोटभर हलला आणि परत बसला.

मी हसले. अगदी मोठ्यानं, पोट धरून हसले. किती वर्षांनी हसले असेन.

त्यानं बाजूची मूठ खाली दाबली, भांडं सोडवून घेतलं आणि क्रीमसकट माझ्या डोक्यात घातलं. भांडं सुटं होतं हे मला ठाऊक होतं. धुवायला सोपं म्हणून दुकानात मीच खूश झाले होते! कानामागं डोकं फुटलं. क्रीम आणि रक्त गळ्यावरून उतरायला लागलं. दुसऱ्यांदा त्यानं हात उगारला तेव्हा ओट्यावर मिक्सरचा कणीक मळायचा लोखंडी आकडा पडला होता, तो मी उचलला आणि त्याच्या बोटांवर मारला. पुन्हा मारला. भांडं खणखणत खाली पडलं. तो किंचाळला, स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, आणि "बघून घेतो तुला" म्हणत जिना उतरून गेला. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

पिशवीत चार कपडे कोंबले. मिक्सर न्यायचाच होता, त्याच्याशिवाय खाणार काय? मी त्याला मिठी मारली. हलेना. कुणालाच उचलता येऊ नये म्हणून शोधून शोधून आणला होता, आणि आता तो मलाही उचलवेना. मी त्याच्यावर डोकं टेकून ढसाढसा रडले.

दारात सासूबाई पंचा घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, सोस बाई, संसार आहे. त्यांनी पंचा माझ्या कानाला घट्ट बांधला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "कामून रडतीस? तिकडून धर. इकडून मी धरते."

जिन्यात तीनदा टेकवला. सत्तरीची बाई, पण हात सोडला नाही. मी ऑटोत बसले, तर त्याही चपला घालून माझ्या शेजारी चढल्या, मांडीवर ते पोचा पडलेलं भांडं घेऊन.

दवाखाना तोच, डॉक्टरीणबाईही त्याच. मिक्सर बाकाजवळ जमिनीवर ठेवला होता. बाईंनी पंचा सोडला आणि विचारलं, कसं झालं हे?

मी तोंड उघडलं. पण सासूबाई याही वेळी माझ्या आधी बोलल्या.

"मारलं," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरानं मारलं. मागच्या बारीलाही त्यानंच. लिहून घ्या."