कोऱ्या चहाच्या रंगाचे गुलाब

काल फुलांच्या दुकानात तपकिरी गुलाब दिसला आणि ताईचं लग्न आठवलं. पारनेरकडे तेव्हा गुलाबांचं नवंच पॉलिहाऊस झालं होतं. तिथली तांबूस जात बाजूला सारून ताईने कोऱ्या चहाच्या रंगाची जात निवडली. आत्या म्हणाली, "लाल घे की गं. नवरी सावळी, त्यात फुलं मातकट, लोक हसतील." ताई म्हणाली, "हसू देत. पांढऱ्या साडीवर हाच रंग शोभतो." लग्नाच्या सकाळी मांडवात ओल्या गोणपाटाचा आणि गुलाबांचा वास कोंदला होता. गुलाबाच्या शिळ्या पाकळ्या काढून आतलं ताजं फूल हारात ओवायची हारवाल्याची रोजची सवय. तपकिरी पाकळ्या शिळ्या समजून तो खुडतच सुटला होता. "ताई, फसिवलं तुमाला," तो म्हणाला. "किती बी सोला, आतून बी तसाच हाय." आत्याला तेवढंच हवं होतं. "मी म्हनत न्हवते? धाडा कुनाला तरी लाल आनायला." ताईने त्याच्या हातातलं अर्धं सोललेलं फूल घेतलं. "आतपर्यंत असाच आहे, म्हणून तर निवडला. खुडू नका, ओवा." तोच हार तिने नवऱ्याच्या गळ्यात घातला. त्या वेळी माझ्या पिशवीत वाटायला दुसऱ्यांनी लिहिलेली समतेची पत्रकं असायची. आज मी स्वतः पत्रकं लिहितो, आणि ताईच्या त्या ‘म्हणून तर निवडला’इतकी ठणठणीत ओळ जमेपर्यंत कागद छापायला देत नाही.