डाव्या बाजूला काय वाजतंय?

तारेत दोनच शब्द होते, ‘अण्णा गेले’. सावेडीच्या रस्त्यावर, एका हातात सायकल धरून मी ते वाचले आणि पोस्टमनलाच विचारलं, “कुठं?” बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. पण माझा तरी काय दोष? पुणतांब्याचा हा माझा मावसभाऊ सदान् कदा कुठे तरी निघालेलाच असायचा... कांद्याचं बी आणायला, कुणाची सोयरीक जुळवायला, नाहीतर कुणाशी तरी भांडायला. या खेपेला तो कुणाशीही न भांडता गेला, हे मला अजून पटलेलं नाही. त्याला आता पाच आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, “कसा सोशिक माणूस होता हो!” साफ खोटं. अण्णा पक्का हेकट होता, आणि हे छापून यावं म्हणूनच मी लिहायला बसलो आहे.

विहिरीच्या कामावर सुरुंग अवेळी उडाला, त्यात तरुणपणीच त्याचा डावा कान गेला. उजवा मात्र तिखट. रेडिओला तो कान टेकवून तो गाणं ऐकायचा, आणि अशा वेळी त्याला हाक मारणाऱ्याची धडगत नसे. मग कुठून तरी त्याला कळलं की आता अशा तबकड्या निघाल्यात, ज्यांत गाणारी एकीकडून आणि साथीदार दुसरीकडून ऐकू येतात, पण त्याला स्पीकरची जोडी लागते. झालं! भावकीत हसायला विषय मिळाला. त्याचे चुलते तात्या तर ओट्यावरून सगळ्यांदेखत म्हणाले, “आरं, एका कानाचं गिऱ्हाईक तू, दोन भोंगे कशाला पायजेत?” अण्णा शांतपणे म्हणाला, “तात्या, कान माझा फुटलाय. गानं फुटलेलं न्हाई. ते घरात अख्खंच येनार.”

नगरच्या कॅम्पात एक कर्नलसाहेब निवृत्त होऊन डेहराडूनला निघाले होते आणि परदेशातून आणलेलं वाजवायचं सामान विकत होते. मी अण्णाला तिथे नेलं. लढाईतल्या ब्लॅकआऊटचे काळे कागद बंगल्याच्या काचांना अजून चिकटलेले होते. दिवाणखान्यात स्पीकरच्या दोन जोड्या मांडलेल्या... एक कमरेएवढी उंच, पॉलिशने चमकणारी. दुसरी बुटकी, कोपरे घासलेली. साहेबांनी मोठ्या जोडीवर आगगाडीची तबकडी लावली. गाडी धडधडत या भिंतीकडून त्या भिंतीकडे गेली आणि मी चक्क पाय वर घेतले! अण्णा ढिम्म. म्हणाला, “गाडी आली, पन पुढं गेलीच न्हाई.”

साहेबांच्या तेव्हा लक्षात आलं. माणूस भला, म्हणाले, “मग तुम्हाला एकच पुरे. जोडी फोडून देतो.”

अण्णा ताडकन उठला. मला वाटलं, आता हा निघाला. पण त्याने साहेबांना एका गाणाऱ्या बाईंची तबकडी लावायला सांगितली आणि बैलाचं वशिंड चाचपावं तसा एकेका स्पीकरवर हात फिरवत, उजवा कान लावत, चारही पेट्यांशी बसून आला. मग बुटक्या जोडीवर थाप मारून म्हणाला, “ही. मोठे दोघं बाईचा श्वास गिळतात. हितं ती दम घेते तेबी कळतं... आन् दोघं एका चालीनं चालतात. जोडी न्हाई फोडायची, साहेब.”

सौदा करताना तर त्याने कमालच केली. गुरांच्या बाजारात करतात तसा खांद्यावरचा पंचा साहेबांच्या हातावर टाकला आणि खालून भाव सांगायला त्यांची बोटं धरली. साहेबांना वाटलं, हा गावाकडचा रामराम! त्यांनी आनंदाने हात गदागदा हलवला. अण्णा माझ्या कानात कुजबुजला, “दत्तू, ह्यो मानूस नेमकं काय मागतोय?” शेवटी मध्यस्थी मीच केली. तबकड्या वाजवायचं यंत्र पायाशी ठेवून आणि गोधडीत गुंडाळलेले दोन स्पीकर मांडीवर घेऊन आम्ही पॅसेंजरने पुणतांब्याला उतरलो.

घरी अण्णाची खुर्ची दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध असे आणि त्याच्या डाव्या हाताला पारूवहिनी.

“पारू, तिकडं काय वाजतंय?”

“तंबोरा.”

“कसा?”

“कसा म्हंजी? तंबोऱ्यावानी!”

“नीट सांग की.”

मग वहिनी डोळे मिटून विचार करत आणि म्हणत, “पल्याडच्या आळीत कुनीतरी दळतंय, तसा.” अण्णा मान डोलवायचा, जणू त्या बाजूनेच ते आत शिरलं. दोन्हींकडचं एकत्र करून उजव्या कानापाशी आणता येईल, मेकॅनिकला विचारतो, असं मी एकदा सुचवलं. केवढा तापला! “तबलजी जिथं बसलाय तिथंच बसंल. माझ्यासाठी त्यानं उठायचं कारन न्हाई.”

अण्णा गेल्यावर चौदाव्या दिवशी मी तिथेच होतो. तात्यांनी फर्मान काढलं, वर्षश्राद्धापर्यंत या घरात गाणं वाजायचं नाही, ते डबे झाकून टाका. आणि मी, सगळ्या गावाला गोष्टी सांगत फिरणारा शूर माणूस, मुकाट्याने चादर शोधायला उठलो. तेवढ्यात वहिनी आतून आल्या. पदर सारखा केला, तबकडी लावली, आणि सरळ जाऊन मधल्या खुर्चीत बसल्या.

तात्या म्हणाले, “सूनबाई, आता कुनासाठी?”

“माझ्यासाठी, मामंजी. मला दोनी कान हायेत. आजवर सगळं ध्यान डावीकडचं सांगन्यात गेलं... गानं कसं हाय ते ऐकायचंच ऱ्हायलं.”

तात्या उठून गेले. मी चादर हातातच धरून वहिनींच्या डाव्या हाताला बसलो. गाणारीने दम घेतला, माझ्या बाजूच्या पेटीतून तबला सुरू झाला, आणि त्या जागेच्याच सवयीने माझं तोंड उघडलं, “वहिनी, डावीकडं...”

“भाऊजी,” वहिनी डोळे न उघडता म्हणाल्या, “गप बसा. येतंय मला ऐकू.”