हॅरीचा मफलर

परवा बेसमेंटमधला लोकरीच्या कपड्यांचा खोका उघडला आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाने एटोबिको या उपनगरातली एक जुनी सकाळ आठवली. शेजारच्या हॅरीने गराजसमोर टेबल मांडून घरातलं सामान विकायला काढलं होतं. त्यात याच वासाचा एक निळा-पांढरा मफलर होता.

"अहो, घ्या तो. बर्फ शोव्हल करताना उपयोगी पडेल," बायको म्हणाली.

मफलर हॅरीच्या इंग्लंडमधल्या गावच्या फुटबॉल क्लबचा होता. "मग का विकतोस?" मी विचारलं.

"क्लबच राहिला नाही. मैदानावर फ्लॅट झाले. मालक बाहेरचा, खेळाडू बाहेरचे. आता निळा रंग काढून लाल आणलाय."

चर्चमधल्या क्रिकेटवाल्यांनी हिवाळ्यात अंग गरम राहावं म्हणून हा क्लब काढला होता, असं तो सांगत होता. एवढ्याशा कारणाला पुढे मफलरवरच्या बोधचिन्हातला सिंह आणि लॅटिन वाक्य चिकटलं, याची मला गंमत वाटली. पण मैदान, माणसं, रंग गेल्यावर उरतं काय, हे मलाही कळेना.

तेवढ्यात त्याची बायको रेडिओवर क्लबची मॅच ऐकून बाहेर आली. "हरले. शेवटच्या मिनिटाला, आपल्याच गोलात चेंडू मारून."

हॅरीने माझ्या हातातला मफलर काढून स्वतःच्या गळ्यात घातला.

"अजून असेच हरतात? मग क्लब तोच आहे."

तेव्हा तो मला विक्षिप्त वाटला. आता आमच्या मराठी मंडळाचं नाव, हॉल, बोधचिन्ह सगळं बदललंय. कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला की मला फार बरं वाटतं.