मधली शीव

आक्कांची आणि माझी ओळख सुईनं झाली. लग्न होऊन मी कंधारहून नांदेडला आले, त्या दिवशी ओळीनं सगळ्यांच्या पाया पडत होते. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. त्यांच्या पाया पडून उठले तर त्यांनी मला जवळ ओढलं आणि माझ्या कपाळाला काहीतरी कचकन टोचलं. त्यांच्या पदराच्या काठाला दोरा ओवलेल्या सात सुया लावलेल्या होत्या. बायका हसायला लागल्या. मी रडायच्या बेतात आले होते. आक्कांनी अंगठ्यानं रक्ताचा ठिपका पुसला आणि म्हणाल्या, "टोचली का माय? बरं झालं, कुंकवाजवळच लागली. कुणाला दिसायची न्हाई."

सात सुया ओवून ठेवायच्या ही त्यांची रोजची सकाळ. चूल पेटवायच्या आधी अंगणात उजेडाकडे तोंड करून बसायचं, सुया ओवायच्या, काठाला टोचायच्या. एकदा वाकळ मांडीवर घेतली की दोऱ्यासाठी उठायला लागू नये, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरून सात थर करायचे आणि बारीक धावदोऱ्यानं कडेपासून आत आत शिवत जायचं. आक्कांची ओळ शेतात पेरलेल्या जोंधळ्याच्या तासासारखी सरळ असायची.

त्यांना लातूरला दिलं होतं. नवरा गेला आणि वर्षाच्या आत दिरानं त्यांना भावाच्या दारात आणून सोडलं. बरोबर एक लोखंडी पेटी आणि एक वाकळ. पेटीत सोन्याच्या दोन पाटल्या होत्या, पण त्या हातात घालायची सोय राहिली नव्हती. वाकळ त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी आपल्या आईच्या लुगड्यांची शिवली होती. त्याच वाकळेवर त्या निजत.

घरात आम्ही तिघंच. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. आमच्या घरचे सरकारी कचेरीत कारकून होते. बहिणीला ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. पण मी पाहत होते, आक्का ताटात अर्धीच भाकर घेत. मी दुसरी अर्धी वाढायला गेले की ताटावर हात आडवा धरत. गल्लीतल्या बायका जुनी लुगडी आणून देत, आक्का वाकळा शिवून देत, बदल्यात जोंधळे नाहीतर तुरीची डाळ येई. पण हातानं एक वाकळ व्हायला वीस दिवस लागत. त्यांच्या उजव्या हाताचं बोट सुईच्या मागच्या टोकानं चाळणीसारखं झालेलं होतं.

एक दिवस भाजी निवडताना त्या हळूच म्हणाल्या, "मशीन असली तर महिन्याला चार वाकळा होतील. मग मी माझी भाकर पुरी वाढून घेईन बघ." हे त्या भावाला बोलल्या नव्हत्या. मला बोलल्या. मी मान हलवली. त्या दिवसांत मी बहुतेक सगळ्या गोष्टींना मानच हलवत असे.

पाटल्या मोडून मशीन घ्यायचं ठरलं. भाऊ नको म्हणत होते, पण आक्कांनी पेटी उघडून पाटल्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि विषय संपवला. बाजारात जाताना त्या लातूरची वाकळ अर्ध्यापर्यंत घट्ट गुंडाळून काखेत मारून निघाल्या. मला बरोबर घेतलं. आमच्या घरचे पुढे, मी दोन पावलं मागून चालत होते.

दुकानदारानं वाकळेकडे बघून सांगितलं, बाई, जुनं सामान इथं घेत नाहीत.

"विकायची न्हाई ही," आक्का म्हणाल्या. "ही बघायला आलीय. मशीन हिच्या पसंतीची पाहिजे."

दुकानदारानं आधी एक छोटी हातमशीन काढली. काळीभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, वर लाकडी झाकण. आमच्या घरच्यांना ती फार आवडली. आक्कांनी वेलबुट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. सुईची दांडी आणि मशीनचा उजवीकडचा खांब यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तिच्यात त्यांनी आधी आपली मूठ घातली, मग गुंडाळलेली वाकळ घालून बघितली. मधल्या ओळी शिवताना अर्धी वाकळ अशीच गुंडाळून तिथून जावी लागते. ती तोंडाशीच अडली. त्या जागेला आक्कांनी तिथल्या तिथं नाव ठेवलं, खिंड. म्हणाल्या, "दिसायला लई गोड हाय. पण खिंड केवढी? मांजराचं पिलू सुद्धा जायचं न्हाई."

दुसरी पायमशीन, तिचीही तीच गत. तिसरीची खिंड बरी होती, पण सात थर सुईखाली घातल्यावर ती जागीच थबकली. दुकानदार आता वैतागला होता. सदरे, झबली शिवायला हीच मशीन सगळ्या हैदराबादेत चालते, असं तो सांगत होता. आक्का त्याच्या मागे बघत होत्या. तिथं दुकानाचा कारागीर एका थोराड मशीनवर तंबूचं जाड कापड शिवत होता. तिच्यावरची फुलं कधीच झिजून गेली होती.

"ती दाखवा."

ती विकायची नाही, तो म्हणाला. आक्का दुकानातच खाली बसल्या, वाकळ मांडीवर घेऊन. गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून यायला लागली. शेवटी त्यानं कारागिराला उठवलं. आक्कांनी वाकळ सुईखाली सरकवली, कारागिरानं पाय मारला, आणि मशीननं सात थर जणू नव्हतेच असे शिवले. गुंडाळी खिंडीतून अलगद पलीकडे गेली. आक्कांचं तोंड लहान पोरीसारखं झालं.

मी दाराशी उभी होते. तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट आली. ही वाकळ बारा वर्षं अंगाखाली दबून पातळ झालेली आहे. नवी वाकळ फुगलेली असते, ती गुंडाळली तर दीडपट होईल. मग ती या खिंडीतून कशी जाणार? शब्द अगदी ओठापर्यंत आले. पण समोर परका माणूस, बाजूला आमच्या घरचे. त्यांच्यासमोर मी कधी मोठ्यानं बोललेच नव्हते. मी पदर पुढे ओढला आणि गप्प राहिले. त्याच दिवशी पाटल्या सोनाराकडे गेल्या आणि मशीन हातगाड्यावरून घरी आली.

नवी वाकळ घातली त्या दिवशी व्हायचं तेच झालं. कडेच्या ओळी झाल्या आणि मधे जायची वेळ आली तशी गुंडाळी खिंडीत अडकली. आक्कांनी ओढली, दाबली, उलटी फिरवून बघितली. एकामागून एक तीन सुया मोडल्या. भाऊ म्हणाले, परत करून येऊ. आक्का मोडलेल्या सुया वेचत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरही घेतली नाही. मी चुलीपुढे बसून राहिले. मला आधीच कळलं होतं, हे सांगायचं धाडस काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कात्रीचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले. आक्का ती वाकळ उभी मधोमध कापत होत्या. कापून झाल्यावर एकेक अर्ध खिंडीतून सहज गेलं. दुपारपर्यंत दोन्ही शिवून झाली. मग आक्कांनी दोन्ही अर्धं शेजारी शेजारी अंथरली, कडा आत दुमडल्या आणि मला हाक मारली.

"ये हिकडं, सरू. तू पायाकडून बस, मी डोक्याकडून बसते. हे हातानंच शिवायचं. मधे भेटू."

त्या जोडाला त्या शीव म्हणायच्या. दोन गावांच्या मधे असते तशी. त्यांचा हात पाण्यासारखा चाले, माझा अडखळे. मधोमध त्या माझ्या कितीतरी आधी येत. पण माझ्या वाट्याचा एकही टाका त्यांनी कधी घातला नाही. सुई टोचून ठेवत, हात मांडीवर घेऊन बसत आणि म्हणत, "ये सावकाश माय. मी शिवेवर बसलेय."

आयुष्यात मी जेवढं बोलले त्यातलं निम्मं त्या शिवेवर बोलले असेन. दोघींच्या माना खाली, नजर सुईवर. तोंडाकडे बघायचं नसलं की मला बोलता येतं, हे मला तिथं समजलं. कंधारच्या शाळेतल्या चार इयत्ता, आईची आठवण, पहिलं बाळ पोटात गेलं ते, सगळं मी वाकळेला सांगितल्यासारखं आक्कांना सांगितलं. त्या फक्त हूं हूं करत. एखाद्या वेळी म्हणत, "टाका लहान घाल. रडायलीस म्हणून लांब नको घालू."

पहिल्यांदा गल्लीतल्या बायकांनी नाकं मुरडली. वाकळेला मधे जोड कशाला, म्हणाल्या. मग एकीनं गोदावरीवर वाकळ धुवायला नेली. भिजलेली वाकळ म्हणजे एकट्या बाईला न उचलवणारं ओझं. आक्कांनी तिला सांगून ठेवलं होतं, शीव उसव आणि दोन खेपांत धू. ती बाई घाटावर सगळ्यांना सांगत सुटली. त्यानंतर बायका मुद्दाम जोडाचीच वाकळ मागायला लागल्या. जोंधळ्याची कणगी भरली. एका दुपारी आक्कांनी पुरी भाकर ताटात घेतली, वर आणखी चतकोर मागितली, आणि मी वाढताना माझ्याकडे बघून डोळा बारीक केला.

खिंड हा शब्द मात्र त्यांच्या तोंडात कायमचा बसला. शेजारच्या मुलीला एक स्थळ सांगून आलं. मुलगा बोलायला गोड, अंगावर रेशमी शेरवानी. तिच्या आईनं आक्कांना विचारलं. आक्का म्हणाल्या, "वेलबुट्टी चांगली हाय. खिंड बघितली का?" त्या आईला काहीच कळलं नाही. मला कळलं.

मग धामधुमीचे दिवस आले. निजामाचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं, रझाकारांची भीती होती, गावागावातून माणसं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जात होती. आमच्या घरच्यांना सरकारी नोकरीमुळे हलता येत नव्हतं. मला आणि एव्हाना झालेल्या दोन्ही मुलांना पलीकडे पाठवायचं ठरलं. आक्कांना मी हात जोडले, चला म्हणाले. त्या म्हणाल्या, भावाला भाकर कोण करून घालील, आणि मशीन तर बैलगाडीत मावायची नाही.

त्यांच्या पेटीतली दोन लुगडी आणि माझी लग्नातली साडी घालून आम्ही तेव्हा आमच्या घरची वाकळ करत होतो. दोन्ही अर्धं मशीनवर शिवून झाली होती, शीव राहिली होती. आक्कांनी एक अर्ध गाडीत मुलांच्या अंगावर घातलं. "ही तुझी बाजू," म्हणाल्या. "माझी हितं राहू दे. आलीस की शीव घालू."

गाडी जुंपलेली होती. मुलांचे पाय खोचताना त्यांची मान खाली होती, म्हणूनच मला बोलता आलं असेल. मी म्हणाले, "आक्का, त्या दिवशी दुकानात मला कळलं होतं. नवी वाकळ खिंडीत मावणार नाही म्हणून. मी बोलले नाही."

त्या वाकळ खोचतच राहिल्या. "तुझं तोंड उघडलेलं मी बघितलं व्हतं," म्हणाल्या. "मला वाटलं, जांभई देयलीस." मग माझ्या गालावर हात ठेवला. "बोलली असतीस तर शीव आली असती का आपल्या घरात? जा आता. लेकरं जप."

पैनगंगेच्या पलीकडे सहा महिने काढले. मला लिहिता येत होतं. आक्कांना वाचता येत नव्हतं, पण त्यांचे भाऊ वाचून दाखवतील म्हणून मी एक पत्र लिहिलं. ते न्यायला विश्वासाचं माणूस मिळालं नाही. ते पत्र माझ्याच कनवटीला राहिलं.

परत आले तेव्हा अंगणात आक्का नव्हत्या. पावसाळ्यात ताप आला, आठ दिवसांत गेल्या. आमच्या घरच्यांनी निरोप पाठवला होता, तो माझ्यापर्यंत पोचला नव्हता. मशीनवर धुतलेलं फडकं टाकलेलं होतं. त्यावर वाकळेचं दुसरं अर्ध नीट घडी केलेलं. आतली कड दुमडून कच्ची टाचलेली, आणि त्या कडेला दोरा ओवलेल्या सात सुया. घरचे म्हणाले, तापातसुद्धा सकाळी उजेडाकडे तोंड करून बसायची. कशाला म्हटलं तर म्हणायची, सरू येईल.

मी दोन्ही अर्धं अंगणात शेजारी शेजारी अंथरली. पायाकडून बसले. त्यांनी ओवलेली एक सुई घेतली, तिचा दोरा संपला तशी दुसरी घेतली. बारीक टाके घातले. मधापर्यंत आले आणि थांबले. पुढचा वाटा माझा नव्हता.

ती वाकळ अजून माझ्याकडे आहे. पायाकडून मधापर्यंत शिवलेली, डोक्याकडून उघडी. थंडीत अंगावर घेतली की छातीपाशी फाकते आणि वारा लागतो. नातसून म्हणते, द्या आजी, माझ्या मशीनवर पाच मिनिटांत जोडून देते. तिच्या मशीनची खिंड मोठी आहे. मी राहू दे म्हणते. पाच सुया अजून काठाला आहेत, गंजल्यात, पण दोरा ओवलेला आहे.

आक्का, मी शिवेवर बसलेय. सावकाश या.