स्वखुशीनं मागे राहिला

"एडनहून आलेल्यांनी आत खुर्चीवर बसा. नोकरमाणसं बाहेर."

धुळ्याच्या त्या कचेरीतला कारकून असं म्हणाला. लढाईतून परतलेल्यांची नावं लिहून घेणं चाललं होतं. त्यांना सरकार मदत देणार होतं. शेठ बसले. भाभी, म्हणजे शेठची बायको, बसली. तिचं सात महिन्यांचं लेकरू माझ्या कडेवर होतं. ते मी तिच्या मांडीवर दिलं आणि म्हणाले, "साहेब, मी बी एडनतून येल शे."

कारकुनानं मान वर केली. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. हसला.

"तू आली नाहीस बाई. तुला आणलं."

शेठही हसले. बोटीतून उतरल्यापासून पहिल्यांदा.

मी बाहेर चपलांशेजारी बसले. थोड्या वेळानं शिपाई कागद आणि शाईची डबी घेऊन आला. "शेठनी सांगितलंय, अंगठा कर." काय लिहिलंय ते विचारावं असं मनात आलं. विचारलं नाही. अंगठा केला. शाई पदराला पुसली.

आम्ही पारोळ्याकडचे. मी आणि माझा नवरा आनंदा. वस्ती गावाबाहेर, शेत दुसऱ्याचं. शेठचं धुळ्यात कापडाचं दुकान होतं आणि अरबस्तानात एडनला भावाची पेढी. भाऊ वारला तेव्हा शेठ तिकडं निघाले. गोदामात हमालीला आनंदा, धुण्याभांड्याला मी. पासपोर्ट काढले. फोटोवाल्यानं आनंदाला मान सरळ ठेव म्हटलं, तर तो इतका ताठ बसला की मला हसू आवरेना. ते पासपोर्ट आम्ही एकदाच हातात धरले. शेठ म्हणाले, "तुमच्याकडून हरवतील. माझ्यापाशी राहू देत."

दोन वर्षं गेली. मग गोळ्या सुरू झाल्या. इंग्रज जायच्या बेतात होता, आणि तिथल्या बंदूकवाल्यांत दोन तट पडले होते. दूध आणायला गेलेली शेजारची बाई गल्लीच्या तोंडाशी पडली. दुपारपर्यंत तिला उचलायला कोणी गेलं नाही. आम्ही खिडकीच्या फटीतून बघत होतो. तिचं भांडं घरंगळत आमच्या दारापर्यंत आलं होतं.

मग कळलं, आपल्या सरकारनं बोटीची सोय केलीय. ज्यानं त्यानं आपल्या घरातल्या माणसांची नावं लिहून द्यायची. शेठनी दिली.

गोदीवर एक माणूस यादी वाचत होता. शेठ. भाभी. दोन मुली. लेकरू. मग माझं नाव, पुढं 'आया'. मग दुसऱ्याच घरातली नावं सुरू झाली.

मी शेठकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत म्हणाले, "गोदामात माल आहे. कोणीतरी पाहिजे ना? पुढच्या बोटीनं येईल तो."

आनंदा दोरीपलीकडं उभा होता. शेठची लोखंडी पेटी त्यानंच डोक्यावरून आणून दिली होती. लेकरू रडत होतं, मागचे लोक ढकलत होते. तो ओरडला, "तू जाय व! मी मांगून येस."

मी गेले.

पाच दिवस त्या पेटीला टेकून बसले. समुद्र लागला की तिच्याच कडीला धरायची.

पुढची बोट आली. तो आला नाही. महिन्याभरानं मालेगावचा एक स्वयंपाकी मला शोधत धुळ्याला आला. एडनला आमच्याच गल्लीत कामाला होता. दारात उभ्यानंच बोलला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"तीन दिन उना तो गोदीवर. यादीमा नाव नही, हातमा पासपोर्ट नही. तीन्ही दिन मांगे धाडं त्याले. चौथा दिन दिसना नही."

मी तशीच भाभीसमोर गेले. म्हटलं, "भाभी, त्याचा पासपोर्ट कुठंय?"

ती उठली, लोखंडी पेटी उघडली, लुगड्यांच्या घडीखालून काढून माझ्या हातात दिला. एवढंच म्हणाली, "मी त्यांना बोलले होते गं."

आतला फोटो. मान ताठ.

म्हणजे मी पाच दिवस ज्या पेटीला टेकून आले, त्याच पेटीत त्याचं येणं कुलूपबंद होतं. हे मला कधीच विसरता आलेलं नाही. अजून झोप लागता लागता पाठीला ते लोखंड लागतं.

शेठचं घर मी त्याच दिवशी सोडलं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना, आबांना, घेऊन कचेरीत गेले. कारकून म्हणाला, बाहेर बस. मी बसले नाही. थेट साहेबाच्या टेबलापाशी गेले. पासपोर्ट ठेवला. म्हटलं, याला शोधा.

साहेबानं कागद मागवले. एक काढून वाचला. "सदर इसम स्वखुशीने मागे राहिला. पत्नीची तक्रार नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "हा अंगठा तुमचाच ना?"

आबांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

"माझाच," मी म्हटलं. "पण वाचून कोणी दाखवलं?"

कारकुनानं तो कागद उचलून परत फायलीत घातला.

"आता दुसरा कागद होत नाही," साहेब म्हणाले.

"मी खाली बसले होते तेव्हा पहिला झाला. आता उभी आहे, दुसरा करा."

दिवसभर उभी राहिले. कचेरी बंद व्हायच्या वेळेला त्यांनी अर्ज लिहिला. शब्द न् शब्द वाचून घेतला, शिक्का मारून घेतला, तेव्हा हलले.

शेठचा निरोप आला, अर्ज मागे घे, मदतीच्या यादीत तुझं नाव घालतो, घराला जागा मिळेल. मी त्या निरोप्यालाच सांगितलं, एका यादीत नाव घालायचं होतं तेव्हा घातलं नाहीस म्हणावं.

पुढच्या वर्षी सरकारचं उत्तर आलं. शोध लागला नाही. चौकशी केली होती, खोटं कशाला बोलू. पण जुना कागद तसाच राहिला. त्याच्याखाली नवा लावला, इतकंच.

आता वस्तीतले सगळे म्हणतात, मेला म्हणून दाखला काढ. दिवस घाल. विधवेची मदत मिळेल. आबाही जाताना तेच सांगून गेले.

मेला असेल. मला कळत नाही असं नाही. त्या गल्लीत माणसं कशी पडतात ते मी पाहिलंय. पण सरकारच्या दप्तरात आज माझा माणूस मेलेला नाही. तो आपल्या मर्जीनं बायकोला सोडून परमुलखात राहिलेला आहे. ते दप्तर मी आहे तोवर मिटू देणार नाही. साहेब चार बदलले. प्रत्येकाला मी एकच सांगितलं.

आधी ते वाक्य खोडा. कोणी लिहिलं, कोणी लिहवलं, ते नावानिशी लिहा. मग त्याला मेलेला म्हणा.